बाबागाडीतला प्रवासी

भोपळ्याला झबलं घालणं दिसतं तितकं सोपं नसतं. श्यामकांत चुरींनी भोपळा बाबागाडीत बसवला, पट्टे आवळले, खटका लावला आणि मागे सरून पाहिलं. भोपळा क्षणभर सरळ बसला आणि मग हळूच पट्ट्यांखालून घसरत गाडीच्या तळाशी गेला.

गोल, गुळगुळीत वस्तूला पट्टा धरत नाही. त्यात बाबागाडीचा काही दोष नव्हता. बाळ काही गुळगुळीत नसतं, त्याच्या अंगावर कपडे असतात. म्हणून श्यामकांतांनी कपाटातून नातीचं जुनं झबलं काढलं, पिवळ्या बदकांचं. झबल्यावर पट्टा घट्ट बसला. मग भोपळ्याचा देठ गाडीच्या छत्रीला खरचटायला लागला, म्हणून त्यावर टोपडं चढवलं. आणि मे महिन्याच्या उन्हात भोपळा मऊ पडला तर घरात चौकशी होईल, म्हणून वरून दुपटं गुंडाळलं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. पण सगळं झाल्यावर त्यांनी पाहिलं, तर गाडीत एक गुटगुटीत, जरा अबोल बाळ गाढ झोपलेलं होतं.

"छान," ते म्हणाले आणि चोरासारखं दाराकडे बघून घेतलं. पत्नी मनोरमाबाई स्टेशनजवळच्या बाजारात गेल्या होत्या. त्या परत यायच्या आत भोपळा, गाडी आणि श्यामकांत, तिघांनीही घराबाहेर पडायला हवं होतं.

श्यामकांत रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठण्ण करून मारायचं आणि आवाजावरून चाक धड आहे की तडकलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल अंतिम शब्द आपला, असा त्यांचा समज होता, आणि घरच्यांनी तो कधी दूर केला नव्हता. मुलगा शैलेशच्या बायकोला, सूनबाई रुचिताला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले, ती बाळंतपणासाठी तलासरीला माहेरी गेली आणि बाळासाठी बाबागाडी कुठली, असा प्रश्न निघाला, तेव्हा साऱ्यांच्या माना आपोआप श्यामकांतांकडे वळल्या.

प्रश्न साधा राहिला नाही, कारण गाड्या दोन होत्या. श्यामकांतांची मुलगी निलम जर्मनीत. ती मागच्या खेपेला आली तेव्हा आपल्या लेकीची बाबागाडी डहाणूलाच ठेवून गेली होती. आणि रुचिताचा भाऊ दीपेश अमेरिकेत. त्याने मित्राच्या सामानाबरोबर कोरी करकरीत गाडी तलासरीला पाठवून दिली होती. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांची गाठ पडली.

"बाबा, इकडे जुन्या गावांतले रस्ते दगडांचे असतात," निलम म्हणाली. "म्हणून इकडच्या गाड्या दणकट. मोठी चाकं, आत हवा, खाली स्प्रिंगा. आपल्या रस्त्यांना हीच पाहिजे."

"निलमताई, दणकट म्हणजे जड," दीपेश म्हणाला. "आमची एका हाताने मिटते. मिटली की डिकीत. कारमधली बाळाची सीट उचलायची आणि खटकन वर बसवायची. शिवाय कप ठेवायला जागा आहे."

"कप कशाला?" आतून मनोरमाबाईंनी विचारलं.

"कॉफीचा, काकू."

"बाळाला कॉफी पाजतात तिकडे?" मनोरमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आईसाठी असते ती, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांचं लक्ष मूळ विषयाकडे गेलं होतं. "आणि कसली गाडी बघताय आत्तापासून? बाळ घरात यायच्या आधी बाळाची एक वस्तू घरात हलायची नाही. इतक्या वर्षांनी देवाने दिवस दाखवलेत. पुन्हा गाडीचं नाव काढलंत तर बघा."

गाडीचं नाव कोणी काढलं नाही. पण रुचिताच्या वडिलांचा, रविंद्र गुरुजींचा, दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात फोन आला. गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण फोनवरही फळ्यासमोर उभं असल्यासारखं बोलायचे.

"श्यामकांतराव, चर्चेने असले निर्णय होत नसतात. प्रात्यक्षिक! तुमची युरोपियन घेऊन या, आमची अमेरिकन इथे आहेच. आमच्या गल्लीत खडी आहे, उतार आहे, गटारावरच्या हलत्या फरश्या आहेत. होऊन जाऊ दे. मंगळवारी आमच्या हिला बोर्डीला लग्नाला जायचंय. घरात आपलं आपण."

आणि म्हणून मंगळवारी सकाळी श्यामकांत बाबागाडी ढकलत डहाणू स्टेशनच्या दिशेने निघाले. भोपळा घेतला तो मनोरमाबाईंनी भाजीला आणून ठेवलेला. वजनाशिवाय चाचणी कसली? रिकाम्या डब्याचं चाक आणि भरलेल्या डब्याचं चाक, दोन्हींचे आवाज वेगळे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

गाडी खरंच झकास चालत होती. खड्डा आला की चाक आत जाऊन अलगद वर येत होतं. टोपडं जरासुद्धा हलत नव्हतं. वाटेत चार ओळखीचे लोक कौतुकाने वाकले, आणि प्रत्येकाला श्यामकांतांनी ओठांवर बोट ठेवून "झोपलंय" असं सांगितलं. खुलासा करत बसलं तर बस चुकली असती. ते एक वाक्य त्या सकाळी आपण उगाच बोललो, असं पुढे त्यांना वाटत राहिलं.

तलासरीची बस लागलेली होती. गाडी मिटवायची तर भोपळा काढावा लागणार, भोपळा काढला तर झबल्यासकट काढावा लागणार, आणि भर थांब्यावर ते शक्य नव्हतं. श्यामकांत विचार करत उभे असतानाच डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेतलेली एक बाई पुढे आली. तिचं नाव जमना.

"सरका, सरका! तान्हं पोर हाय!" तिने ओरडून सांगितलं. लगेच दोन-तीन बायकांनी गाडी अलगद उचलली आणि मागच्या दाराने आत नेऊन शेवटच्या बाकासमोर ठेवली. लोकांनी जागा करून दिली. उन्हाच्या बाजूची खिडकी कोणीतरी लावून घेतली. श्यामकांतांना भरून आलं. माणुसकी अजून शिल्लक आहे, असं मनात म्हणत ते पायरीवर पाय ठेवणार, तोच खिशातला फोन वाजला. दीपेश होता, व्हिडिओवर.

"काका, झाली का चाचणी? कप होल्डर बघितला का?"

बसमध्ये त्याचं तोंड उघडलं तर सगळं बाहेर येईल, म्हणून श्यामकांत चार पावलं बाजूला पानाच्या टपरीआड गेले. "अरे, अजून पोचलो पण नाही. आणि कप होल्डर हा काय मजबुतीचा निकष झाला का? चाक बघ, चाक! तुमच्या गाडीचं चाक माझ्या चष्म्याच्या काचेएवढं आहे!"

"काका, छोटं चाक पटकन वळतं."

"आणि पटकन अडकतं!"

मागे घंटी वाजली. ती आपल्या बसची असेल असं त्यांना वाटलं नाही, कारण आपण अजून चढलो नव्हतो. त्यांनी मान वळवली तेव्हा बस थांबा सोडून रस्त्याला लागली होती आणि मागच्या काचेतून टोपड्याचं टोक दिसत होतं.

दुसऱ्या क्षणी श्यामकांत रिक्षा स्टँडकडे पळत सुटले. रांगेत पहिली रिक्षा झिपरूची.

"झिपरू! चल! त्या बसच्या मागे! माझा भोपळा गेला!"

झिपरूने विडी कानावर खोचली आणि त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "भोपळ्यामागे तलासरीपर्यंत? काका, जाऊ द्या. बाजारात ढीग पडलाय."

"अरे, भोपळा नाही, जर्मनीची आहे!"

"जर्मनीचा भोपळा?"

"गाडी! गाडी जर्मनीची! भोपळा इकडचाच!" बस आता वळणावर पोचली होती. निलमला काय सांगायचं, गुरुजींना काय सांगायचं, आणि सर्वांत आधी मनोरमाला काय सांगायचं, हे सगळे प्रश्न एकदम समोर उभे राहिले आणि तोंडातून भलतंच वाक्य बाहेर पडलं. "झिपरू, त्यात बाळ आहे रे!"

झिपरूची विडी खाली पडली, रिक्षा जागच्या जागी वळली आणि श्यामकांत आत बसले की आत फेकले गेले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"शैलेशभाऊचं बाळ?" झिपरू वाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडला. "वहिनी मोकळ्या झाल्या? कधी?"

"हां... म्हणजे, झिपरू, ऐक..."

"देवाने ऐकलं काका! इतक्या वर्षांनी! काय काळजी करू नका. मी हाय. ते पोर तुमच्या हातात दिल्याशिवाय पाणी पिणार नाय."

खरं सांगायला तोंड उघडलं की झिपरू असं काहीतरी बोलायचा आणि श्यामकांतांचं तोंड आपोआप मिटायचं. आशागड येईपर्यंत झिपरूने सगळ्या रिक्षावाल्यांना फोन करून टाकले होते. महालक्ष्मीच्या देवळावरून जाताना त्याने रिक्षा हळू केली, एक हात कपाळाला लावला, आणि श्यामकांतांनी पाहिलं, त्याचे डोळे ओले होते.

"माझी पण पोरगी लहान हाय काका," तो म्हणाला. "कळतं मला."

श्यामकांतांना वाटलं, रिक्षातून उडी मारावी.

इकडे बसमध्ये काय चाललं होतं, ते त्यांना मागाहून कळलं. कंडक्टर रविना तिकिटं फाडत मागे आली आणि बाळाचं माणूस कोण, असं तिने विचारलं. आजोबा पुढच्या दाराने चढले, असं कोणीतरी म्हणालं. पुढच्यांनी सांगितलं, इथे कोणी आजोबा नाहीत.

"सोडून गेला!" जमना म्हणाली. "बघा, मेला! तरी म्हटलं, तोंड चोरासारखं का होतं! पोर उचलून ठेवलं आणि टपरीमागे लपला!"

रस्त्यातल्या एका खड्ड्यात बस आदळली. बोंबलांची पाटी उडाली, वरची बोचकी खाली आली, एकाच्या हातातला आहेराचा कुकर घरंगळत ड्रायव्हरपर्यंत गेला. बाळ मात्र हूं की चूं नाही.

"शहाणं हाय हो पोर," जमना म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "पण रडत कसं नाय?"

तिने दुपट्याखाली हात घातला. पाय शोधले. सापडले नाहीत. अजून वर हात नेला, गालाला लावला, आणि अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरने ब्रेकच दाबला.

"दगडासारखं कडक लागतंय! आणि पायच नायत ओ पोराला!"

"कोणी हात लावू नका!" रविना गरजली. "बस आता कुठे थांबणार नाही. थेट तलासरी. पोलिस बघतील."

चारोटीला लग्नासाठी उतरणारा कुकरवाला दाराशी उभा राहून विनवत राहिला. "अहो, मुहूर्त आहे, मी मुलीचा मामा आहे!" पण त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. चारोटी आली, मामाच्या डोळ्यांदेखत मागे गेली, आणि मामा तलासरीला निघाला. एका कॉलेजच्या मुलीने तेवढ्यात बाबागाडीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. तलासरीच्या बसमध्ये बेवारस बाळ, कोणी ओळखत असेल तर कळवा.

ओळखणारं माणूस त्या वेळी डहाणूला स्वयंपाकघरात उभं राहून भोपळा शोधत होतं. मनोरमाबाईंनी फोन पाहिला. दुपट्याखालून डोकावणारं पिवळ्या बदकांचं झबलं त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलं होतं. जगात तसं दुसरं नव्हतं. त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"रुचिता बाळंत झाली आणि आम्हाला कळवलं पण नाहीत?"

"काय?" गुरुजी म्हणाले. "विहीणबाई, ती समोर बसून आंबा खातेय!"

"मग माझ्या नातीच्या झबल्यात कोणाचं बाळ आहे?"

बस तलासरीला येतेय, एवढं ऐकून गुरुजी चपला शोधायला लागले. मनोरमाबाईंनी नवऱ्याला फोन लावला, तर तो लागेना. श्यामकांतांनी रिक्षात बसल्या बसल्या तो बंद करून टाकला होता. मग त्यांनी शैलेशला कामावरून बोलावलं. "तुझे बाबा कोणाचं तरी मूल घेऊन पळालेत," एवढंच त्यांना सांगता आलं.

झिपरूची रिक्षा तलासरीच्या थांब्यावर पोचली तेव्हा तिथे जत्रा भरली होती. मधोमध बाबागाडी. भोवती एक हवालदार, रविना, जमना, हातात कुकर घेतलेले मामा आणि निम्मी तलासरी. हवालदाराचा हात दुपट्याकडे जात होता आणि मागे येत होता. शेवटी त्याने डोळे मिटून दुपटं ओढलं, टोपडं काढलं आणि एक डोळा उघडला.

देठ उन्हात चमकत होता.

"अगो बाय," जमना हळूच म्हणाली. "ह्यो तर भोपळा!"

गर्दीत एकदम हशा फुटला. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून गुरुजी व त्यांच्या मागोमाग पोटाला हात लावून रुचिता उतरली. गुरुजींनी गर्दीतून वाट काढली, भोपळा पाहिला आणि समोर घामाघूम झालेले व्याही पाहिले.

"हे तुमचं?" हवालदाराने श्यामकांतांना विचारलं.

"हो. म्हणजे, आमच्या हिचा आहे. भाजीसाठी आणला होता."

"भाजीला आणलेल्याला झबलं कशाला?"

"पट्टा धरत नव्हता," श्यामकांत म्हणाले. सकाळी घरात हे कारण किती पक्कं वाटलं होतं!

"श्यामकांतराव!" गुरुजींचा आवाज थांब्याच्या पत्र्यावर आदळून परत आला. "पुन्हा आजोबा व्हायची वेळ आली, जरा तरी तारतम्य! भोपळ्याला टोपडं? दुपटं? माझी मुलगी अशा अवस्थेत इथे धावत आली! सुशिक्षित माणसाने काय करावं आणि काय करू नये, याला काही सीमा? वर्गात असं कोणी केलं असतं तर मी दिवसभर बाकावर उभा केला असता!"

श्यामकांत मान खाली घालून ऐकत होते. गुरुजींचं एकही वाक्य त्यांना लागलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष झिपरूकडे होतं. तो भोपळ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा होता.

श्यामकांत त्याच्याजवळ गेले. "चुकलं माझं, झिपरू. तू भोपळ्यासाठी हलला नसतास, म्हणून बोललो. मग तू रडलास, आणि मला खरं सांगायची हिंमत झाली नाही."

"मी देवीला नारळ बोललोय," झिपरू म्हणाला. "आता त्याचं काय करू?"

"नारळ मी वाहीन. तुझ्याबरोबर येऊन वाहीन."

"बाळ खरोखरचं येऊ द्या आधी," झिपरू म्हणाला. रिक्षात बसता बसता त्याला हसू आवरलं नाही. "बारशाला बोलवा काका. पण फोन वहिनींकडून करा. तुमच्या फोनवर मी यायचा नाय."

हवालदाराने समज देऊन सोडलं. मामांना रविनाने परत जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. गर्दी पांगली, आणि श्यामकांतांना पहिल्यांदाच जाणवलं की इतकं सगळं होऊनही बाबागाडीचं एक चाकसुद्धा वाकडं झालं नव्हतं. हे त्या क्षणी मोठ्याने बोलणं बरं दिसलं नसतं. त्यांनी फक्त पायाने चाक हळूच दाबून पाहिलं. अगदी धड.

गुरुजींच्या घरापर्यंत त्यांची शिकवणी चालूच होती. ओटीवर पोचल्यावर मात्र ते अचानक थांबले. "इथेच बसू या. आत फार उकडतं."

"पप्पा, मला पाणी तरी पिऊ द्या," रुचिता म्हणाली.

"मी आणतो! तू बस! कोणी आत येऊ नका!"

तेवढ्यात शैलेशची मोटारसायकल अंगणात शिरली. मागे मनोरमाबाई. त्यांनी बाबागाडी पाहिली, भोपळा पाहिला, नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की श्यामकांत खांबाआड सरकले, आणि एक शब्द न बोलता त्या पाय धुवायला मागच्या परसात गेल्या. त्यांना अडवायला गुरुजी धावले, पण उशीर झाला होता.

मागून किंकाळी आली.

सगळे धावले. परसात, जांभळाच्या सावलीत, अमेरिकन बाबागाडी उभी होती. तिच्यात पट्टे आवळून एक भलामोठा फणस बसला होता. अंगात निळा स्वेटर. डोक्याला कानटोपी. छातीशी दुपटं. आणि कप ठेवायच्या जागी गुरुजींचा चहाचा रिकामा कप.

श्यामकांतांनी फणसाकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. मग पुन्हा फणसाकडे.

"गुरुजी," ते अतिशय आदराने म्हणाले. "कानटोपी?"

"ऊन होतं," गुरुजी पडेल आवाजात म्हणाले.

"मेमध्ये स्वेटर?"

"काटे. फणसाचे काटे गाडीच्या कापडात घुसत होते. स्वेटर नसता तर एका फेरीत गाडी फाटली असती." गुरुजींनी घसा साफ केला. "मी निदान घराबाहेर नेला नाही."

"गल्लीत नेला होता की, पप्पा," रुचिता म्हणाली. "शेजारच्या काकू मला विचारत होत्या, घरी पाहुणं बाळ आलंय का. मला वाटलं, त्यांची नजर अधू झाली."

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग भिंतीला धरून, मग खाली ओट्यावर बसून. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने पोट धरलं.

"कळा येतायत का गं?" मनोरमाबाई ओरडल्या. शैलेश रिक्षा आणायला दाराकडे पळाला.

"नाही हो आई, हसू येतंय," रुचिता म्हणाली. तिने डोळे पुसले आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायला सांगितल्या. एकीत भोपळा, एकीत फणस. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दोघे व्याही परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे होते. दणकट कुठली? हलकी कुठली? युरोप की अमेरिका?

"बाबा, बाळ आधी कुठे राहणार?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"इथे. तलासरीला."

"आणि मग?"

"मग डहाणूला. आपल्या घरी."

"मग ही इथे राहू दे, ती तिथे राहू दे. दोन घरं आहेत, दोन गाड्या आहेत. तुमचं भांडण कशावरून चाललं होतं?"

गुरुजींनी श्यामकांतांकडे पाहिलं. श्यामकांतांनी गुरुजींकडे पाहिलं. रेल्वेची सारी नोकरी आणि शाळेची सारी नोकरी एकमेकांसमोर उभी होती, आणि दोघांच्याही डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

"तर्क बरोबर आहे," गुरुजी अखेर म्हणाले.

"म्हणजे ही गाडी डहाणूहून इथे आणायची गरजच नव्हती?" शैलेश म्हणाला.

"नव्हती," मनोरमाबाई म्हणाल्या. घरातून निघाल्यापासून त्यांनी नवऱ्याला ऐकवलेला हा पहिला शब्द होता आणि त्यात सगळं आलं. मग त्या सुनेजवळ बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भोपळ्याकडे पाहून म्हणाल्या, "याचे घारगे करू का गं तुला?"

"चालतील," रुचिता म्हणाली. "पण आधी त्याचं झबलं काढा."

घारगे झाले, खाऊन झाले, उरलेला भोपळा तलासरीलाच राहिला. ऊन उतरल्यावर मनोरमाबाई शैलेशच्या मागे बसून डहाणूला निघून गेल्या. मोटारसायकलवर बाबागाडी मावत नव्हती, आणि बाबांसाठीही जागा नव्हती. श्यामकांत रिकामी गाडी ढकलत थांब्यावर आले. डहाणूची बस लागली होती. दारात रविना उभी होती. तिने खाली उतरून बाबागाडीची छत्री उघडली, आत वाकून नीट पाहिलं, सीटखालची पिशवीसुद्धा तपासली, आणि मगच त्यांना चढू दिलं.

श्यामकांत शेवटच्या बाकावर बसले आणि गाडी गुडघ्यांमध्ये घट्ट धरून ठेवली. शेजारी एक म्हातारी बसली होती. ती सकाळच्या बसमध्ये नव्हती. तिने रिकामी गाडी पाहिली, नातवाच्या गाडीला असं कवटाळून बसलेला दमलेला माणूस पाहिला, आणि ती जवळ सरकली.

"बाळ कुठंय, दादा?"

श्यामकांतांनी आज खोटं बोलून बघितलं होतं आणि खरं बोलूनही बघितलं होतं.

"आजोळी ठेवलंय," ते म्हणाले.

"असू दे, असू दे. आजोळी लाड होतात," म्हातारी म्हणाली.

रविनाने पदराआड तोंड लपवलं आणि घंटी वाजवली.